मुचलक्यावर सुटलेला भाऊ

शास्त्रभाग : लूक १३ : ६-९



बीड जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या उपदेशकांकडून एक प्रश्न आम्हांस वारंवार येऊं लागला आहे. मंडळींतील एखादा तरुण चोरीच्या किंवा मारामारीच्या खटल्यांत सांपडतो. गुन्हा शाबीत होतो. परंतु शिक्षा सुनावण्यापूर्वीं न्यायाधीश चौकशीचा अहवाल मागवितात. मग एके दिवशीं सरकारचा परिविक्षा अधिकारी, ज्यास आपले लोक प्रोबेशन ऑफिसर म्हणतात तो, वस्तींत येतो, उपासना-मंदिराच्या ओट्यावर बसतो व विचारितो, "मास्तर, ह्या पोराला तुरुंगांत न धाडतां मुचलक्यावर सोडलें, तर तो मुदत नीट पुरी करील काय?" उपदेशकानें काय उत्तर द्यावें? "करील" म्हटलें आणि त्यानें पुनः चोरी केली, तर मंडळीची अब्रू जाते. "नाहीं करणार" म्हटलें, तर आपल्याच हातानें भावास बेडी घातल्यासारखें होतें. म्हणून पुष्कळ जण "आम्हांस कांहीं ठाऊक नाहीं, साहेब" असें म्हणून आंत निघून जातात. हें तिसरें उत्तर सर्वांत सोपें आहे, आणि आमच्या मतें तिहींत तेंच सर्वांत वाईट आहे.

प्रथम ह्या सोडण्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण वस्तींत याविषयीं मोठा घोटाळा आहे. कोणी म्हणतात, "सुटला." कोणी म्हणतात, "जामिनावर आला." दोन्ही म्हणणीं बरोबर नाहींत. जामिनावर आलेल्याचा न्याय अजून व्हावयाचा असतो; ह्याचा न्याय झालेला आहे व तो दोषी ठरला आहे. त्याची शिक्षा मात्र रोखून धरिली आहे. मुंबई इलाख्यांत ह्या गोष्टीसाठीं १९३८ सालीं कायदा झाला. पण त्या वेळीं बीड निजामाच्या राज्यांत होतें, म्हणून आपल्या वाडवडिलांस त्याची ओळख नव्हती. पुढें मध्यवर्ती सरकारनें १९५८ सालीं अपराधी परिवीक्षा अधिनियम केला, आणि आज आपल्याकडे चालतो तो हाच. ज्या अपराधास देहांत किंवा जन्मठेप होऊं शकते त्यास त्याचें चौथें कलम लागू नाहीं. इतर अपराधांत न्यायालय अपराधाचें स्वरूप व अपराध्याचें शील पाहून, लगेच शिक्षा न देतां, चांगल्या वर्तणुकीचा मुचलका लिहून घेऊन त्यास सोडूं शकतें. मुदत तीन वर्षांपर्यंत असूं शकते. मुदतींत बोलावणें आलें तर आपण हजर होऊं व शिक्षा घेऊं, असें तो लिहून देतो. न्यायालयास योग्य वाटल्यास त्यास अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं ठेवितां येतें. कोठें राहावें, दारू पिऊं नये, अशा अटी घालतां येतात. अशी देखरेख एका वर्षाहून कमी असूं शकत नाहीं. अपराधी एकवीस वर्षांच्या आंतला असेल, आणि अपराध जन्मठेपेचा नसेल, तर सहावें कलम आणखी पुढें जातें : अधिकाऱ्याचा अहवाल मागवून विचार केल्यावांचून, आणि कारण लेखी नमूद केल्यावांचून, त्यास तुरुंगांत पाठवितां येत नाहीं. म्हणजे आपल्या ओट्यावर बसलेला तो मनुष्य रिकामपणीं चौकशा करीत नसतो. त्याच्या कागदावर एका तरुणाचीं वर्षें अवलंबून असतात.

हें एका वर्षाचें कलम वाचतांना प्रभूच्या अंजिराच्या झाडाच्या दृष्टांताची आठवण झाल्याशिवाय राहात नाहीं. मळ्याचा धनी तीन वर्षें फळ पाहावयास आला व तीनही वर्षें रिकाम्या हातीं परत गेला. तेव्हां त्यानें माळ्यास तें झाड तोडावयास सांगितलें. चांगली जमीन उगाच कां अडवून ठेवावी, असें त्याचें म्हणणें. माळ्यानें एका वर्षाची मुदत मागितली.

ह्या भागावर उपदेश करितांना आपण बहुधा धन्यास कठोर व माळ्यास दयाळू ठरवून पुढें जातों. पण नीट पाहा. धन्याचें म्हणणें चुकीचें आहे असें माळी कोठेंही म्हणत नाहीं. फळ आलें होतें पण आपणांस दिसलें नाहीं, असें तो म्हणत नाहीं. शेजारच्या मळ्यांतील झाडेंही वांझच आहेत, अशी सबब तो सांगत नाहीं. तीन वर्षांचा हिशेब तो जसाच्या तसा पत्करितो, आणि वर्षाअखेर फळ न आल्यास कुऱ्हाड लावावी, हेंही पत्करितो. मग त्याची मागणी उभी कशावर आहे? मधल्या वर्षांत झाडाभोंवतीं खणण्याचें व खत घालण्याचें काम तो स्वतःच्या अंगावर घेतो, ह्यावर. धन्यानें विचारिलें झाडाविषयीं. माळ्यानें झाडाविषयीं खरें सांगून, वर आपण काय करणार तें सांगितलें.

आपल्या बालाघाटाच्या डोंगरांत सीताफळ कोणी न लावतां, कोणी पाणी न घालतां, खडकाच्या फटींतून उगवतें व फळतें. अंजिराचें तसें नाहीं. आळें, शेणखत, राखण, सर्व कांहीं लागतें. मुलांचेंही तसेंच आहे. एखादें पोर बापाविना, शाळेविना, कोणाच्या शब्दाविना सरळ वाढतें, आणि त्याच्याकडे बोट दाखवून आपण दुसऱ्यास म्हणतों, "तो पाहा, त्याला कोणी शिकविलें?" हें माप अंजिरास लावूं नये.

तर अधिकाऱ्यास द्यावयाच्या उत्तराचा पहिला भाग म्हणजे सत्य. नववी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याची बंदी करिते. शेजाऱ्याच्या बाजूनें खोटी साक्ष द्यावी असा तिचा अर्थ कोणीं काढूं नये. समजा, एकोणीस वर्षांच्या मुलानें दुसऱ्याच्या विहिरीवरील विजेची मोटर काढून विकली. तो उपासनेस येतो, पेटी चांगली वाजवितो, हें खरें असलें तरी अधिकाऱ्याच्या उपयोगाचें फार थोडें आहे. त्यास हें पाहिजे : ह्यापूर्वीं त्यानें असें कांहीं केलें होतें काय? तो एकटा होता कीं कोणाबरोबर, आणि ते सोबती अजून त्याच्या ओट्यावर बसतात काय? दारू पितो काय, कधींपासून? कोणतें काम करितो, आणि एका कामावर किती दिवस टिकतो? घरीं त्यास कोणाचा शब्द लागतो? बापाचा लागत नसेल, तर आईचा, आजीचा, थोरल्या बहिणीचा? घरावर कर्ज कोणाचें? मोटर विकून आलेला पैसा कोठें गेला, जुगारांत कीं दवाखान्यांत? ह्या दोहोंत फार अंतर आहे, आणि तें अंतर न्यायाधीशास कागदावरून दिसत नाहीं, तुम्हांस दिसतें.

आणि अपराधानंतर त्यानें काय केलें, हें जरूर सांगावें. निकालाच्या दिवशीं रडणारे पुष्कळ असतात. त्या रडण्यावर आम्ही फारसा भरंवसा ठेवीत नाहीं. जक्कय रडल्याचें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. त्यानें परत देण्याचा आंकडा सांगितला, चौपट (लूक १९ : ८). ज्या शेतकऱ्याची मोटर गेली त्याचें पीक ऐन उन्हांत पाण्यावांचून उभें राहिलें, हें आपल्या वस्तींत कोणी बोलत नाहीं. तो बहुधा आपल्या समाजाचा नसतो, म्हणून त्याचें दुःख आपणांस परक्याचें वाटतें. पाचव्या कलमानें न्यायालय अपराध्याकडून त्यास नुकसानभरपाई देववूं शकतें. हुकुमाची वाट न पाहतां मुलानें मजुरीच्या पैशांतून कांहीं रक्कम नेऊन दिली असेल, तर ती मुदत पुरी होण्याची मोठी खूण आहे. दिली नसेल, तर मंडळीच्या वडिलांनीं आधीं त्यास त्या शेतकऱ्याच्या दारीं घेऊन जावें आणि मग अधिकाऱ्यापुढें बसावें.

एक सावधगिरी. सातव्या कलमाप्रमाणें अहवाल गुप्त असतो, परंतु न्यायालय त्याचा सारांश अपराध्यास कळवूं शकतें व त्यास आपली बाजू मांडूं देऊं शकतें. म्हणून जें त्या मुलाच्या तोंडावर बोलण्याची तुमची तयारी नाहीं, तें त्याच्या पाठीमागें अधिकाऱ्यास सांगूं नका.

कोण मुदत पाळील व कोण मोडील हें आधीं ओळखण्याचा प्रयत्न विद्वानांनींही केला आहे. अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत अर्नेस्ट बर्जेस ह्या समाजशास्त्रज्ञानें १९२८ सालीं मुदतीपूर्वीं सशर्त सोडलेल्या सुमारें तीन हजार कैद्यांचे कागद तपासले व एकवीस बाबी निवडल्या : अपराध कोणता, पूर्वीं शिक्षा झाली होती काय, कामाची संवय कशी, राहणें कोठलें, इत्यादि. ज्यांच्या बाजूनें सोळा किंवा अधिक बाबी पडल्या, त्यांपैकीं दोनशेंत तिघांनींच अटी मोडल्या. ज्यांच्या बाजूनें केवळ दोन ते चार बाबी पडल्या, त्यांपैकीं शंभरांत शहात्तरांनीं मोडल्या. ह्या आंकड्यांस हंसूं नये. सोबती, दारू, काम, पूर्वींचा अपराध ह्यांचा पुढील वर्तनाशीं संबंध आहे, हें नीतिसूत्रें वाचणाऱ्या मनुष्यास नवें नाहीं. प्रार्थना केली म्हणजे वाईट सोबतीचा परिणाम होत नाहीं, असें शिकविणारा उपदेशक लोकांस फसवितो.

पण त्याच कोष्टकाच्या अगदीं तळच्या ओळींत शंभरांतले चोवीस जण आहेत, ज्यांच्या बाजूनें जवळ जवळ कांहीं नव्हतें, आणि ज्यांनीं मुदत पाळली. कोष्टकास शंभरांविषयीं बोलतां येतें. तुमच्या वस्तींतला मुलगा त्या शहात्तरांतला कीं चोवीसांतला, हें तें सांगूं शकत नाहीं. शिवाय त्या एकवीस बाबींत बापाचें राष्ट्र कोणतें हीही एक बाब होती. येथें आपल्या लोकांनीं कान टवकारावे. कारण माणसाचा जन्म पाहून त्याचें भविष्य ठरविण्याचा खेळ आपल्या देशांत फार मोठ्या प्रमाणावर खेळला गेला. १८७१ च्या कायद्यानें जमातींच्या जमाती जन्मानें गुन्हेगार ठरविल्या गेल्या. हजेरी, परवाने, तारेच्या कुंपणाआड वसाहती, हें सर्व पाळण्यांतल्या मुलाच्याही कपाळीं आलें. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. तरी आजही गांवांत चोरी झाली कीं पारध्याच्या पालाकडे प्रथम जातात, हें तुम्हां आम्हांस ठाऊक आहे. आणि आम्हांस खेदानें लिहावें लागतें कीं, ज्यांच्या आजोबांस गांवानें वेशीबाहेर ठेविलें तेच आपले ख्रिस्ती बंधु कधीं कधीं अधिकाऱ्याजवळ म्हणतात, "साहेब, त्या पालावरच्यांचें काय सांगावें, त्यांची जातच तशी." ही साक्ष नव्हे. ज्यास तुम्ही ओळखतां त्याच्याविषयीं बोला. ज्यास ओळखत नाहीं त्याच्याविषयीं, ओळखत नाहीं असें सांगा.

प्रेषितांतही ह्याच प्रश्नावर एकदां भांडण झालें होतें. पहिल्या फेरींत योहान ऊर्फ मार्क हा पंफुल्यांतील पिर्गापर्यंत गेला व तेथून काम अर्धें टाकून यरुशलेमास परतला (प्रे. कृ. १३ : १३). दुसऱ्या फेरीच्या वेळीं बर्णबा त्यास पुनः बरोबर घेऊं म्हणाला. पौल नको म्हणाला. ज्यानें एकदां सोडलें तो पुनः सोडील, हा पौलाचा हिशेब. हा हिशेब मूर्खपणाचा होता असें आम्ही म्हणणार नाहीं; फेरी धोक्याची होती, आणि मध्येंच सोबती गेला तर इतरांचा जीव जावयाचा. वाद इतका वाढला कीं दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्काचा चुलतभाऊ. त्यानें मार्कास घेऊन तारवांत बसून कुप्राचा रस्ता धरिला, आणि कुप्र ही बर्णबाची स्वतःची जन्मभूमि होती (प्रे. कृ. ४ : ३६). म्हणजे पूर्वीं जेथें पाय डगमगले त्या अनोळखी मुलखांत त्यानें त्यास पुनः ढकललें नाहीं. आपल्या ओळखीच्या लोकांत, आपल्या नजरेखालीं नेलें. पुढें पौल बंदीत असतां तीमथ्यास लिहून ह्याच मार्कास बोलावून घेतो, आणि तो आपल्या सेवेस उपयोगी आहे असें कळवितो (२ तीमथ्य ४ : ११). मधल्या वर्षांत कुप्रावर काय काय झालें हें लूकानें लिहिलेलें नाहीं. किती वेळां मार्क पुनः पळूं पाहात होता, किती वेळां बर्णबानें त्यास बंदरावरून परत आणिलें, कोणास ठाऊक? आणि पौलानें हें विसरूं नये कीं, तो स्वतः दमास्काहून आला तेव्हां यरुशलेमांतील शिष्य त्यास भीत होते, त्याच्या बदलण्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता, त्या वेळीं त्याचा हात धरून त्यास प्रेषितांकडे नेणारा हाच बर्णबा होता (प्रे. कृ. ९ : २६-२७).

आतां खणण्याचें व खताचें काम आपल्या जिल्ह्यांत म्हणजे काय, हें सांगितल्याशिवाय हा उपदेश हवेंत राहील. दसरा झाला, दिवाळी जवळ आली कीं आपल्या वस्त्या ओस पडूं लागतात. आष्टी, पाटोदा, शिरूर, केज, धारूर, वडवणी, कोणताही तालुका घ्या. मुकादमाकडून उचल घेतलेलीं कुटुंबें ट्रकांत, ट्रॅक्टरांत, बैलगाड्यांसह सांगली, कोल्हापूर, सातारा व पलीकडे कर्नाटकांतल्या कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. पांच सहा महिने कोपींत राहणें, पहांटेच्या थंडींत फडांत उतरणें, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडींत भरणें. मागें गांवीं राहतात म्हातारीं माणसें व शाळेचीं मुलें. आतां मुचलक्यावर सुटलेल्या मुलाचा विचार करा. त्यानें अधिकाऱ्यासमोर ठराविक दिवशीं हजर व्हावयाचें आहे. त्याच्या बापानें त्याच्या नांवावरही उचल घेतलेली आहे. मुकादमाचा ट्रक रात्रीं दारांत उभा राहतो. मुलगा न जावा, तर घरावर कर्ज व मुकादमाचा दम. जावा, तर हजेरी चुकते आणि कागदावर तो फरारी ठरतो. पोरानें नवीन चोरी केलेली नाहीं, कोणास मारलेलें नाहीं; तो ऊस तोडीत आहे. पण अट मोडली ती मोडलीच. नवव्या कलमाखालीं न्यायालय समन्स किंवा वॉरंट काढूं शकतें. पहिल्याच चुकीबद्दल पन्नास रुपयांपर्यंत दंड करून मुचलका चालू ठेवण्याची सोय आहे खरी, परंतु मूळच्या अपराधाची शिक्षाही देतां येते.

ह्या एका गोष्टीकडे आपल्या उपदेशकांनीं लक्ष दिलें, तर कित्येक मुलें केवळ अज्ञानामुळें तुरुंगांत जाण्याचीं वांचतील. आठव्या कलमांत अशी तरतूद आहे कीं, परिविक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावरून न्यायालय मुचलक्याच्या अटी बदलूं शकतें. आणि चौथ्या कलमाचें परंतुक याहून महत्त्वाचें आहे. सोडण्यापूर्वीं न्यायालयाची अशी खात्री व्हावी लागते कीं, अपराध्याचें किंवा त्याच्या जामीनदाराचें कायमचें राहण्याचें ठिकाण किंवा नियमित काम आहे, आणि तें त्या न्यायालयाच्या हद्दींत किंवा मुदतींत अपराधी जेथें राहण्याचा संभव आहे तेथें आहे. "किंवा त्याच्या जामीनदाराचें" ह्या शब्दांवर बोट ठेवा. अर्धें वर्ष फडांत राहणाऱ्या मुलाजवळ कायमचें ठिकाण कोठलें? घरास कुलूप, काम फिरतें. पण गांवीं राहणारा, चार एकर कोरडवाहू कां होईना पण जमीन असलेला, मंडळीचा एखादा वडील त्यास जामीन राहिला, तर त्याचें घर हें कायद्याच्या दृष्टीनें ह्या मुलाच्या कामीं येतें.

येथें कोणी शास्त्र जाणणारा बंधु उठून म्हणेल, "पाळकसाहेब, नीतिसूत्रें तर जामीन राहूं नये असें सांगतात." होय, सांगतात, एकदां नव्हे तर पुष्कळदां (६ : १-५, ११ : १५, १७ : १८, २२ : २६-२७). तीं वचनें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. जो दुसऱ्याच्या भिडेस पडून, तो मनुष्य कोण व रक्कम किती हें न पाहतां हातावर हात मारितो, त्यास तीं मूर्ख म्हणतात, आणि तसा तो असतोच. पण त्याच शास्त्रांत फिलेमोनास लिहिलेलें पत्र आहे. अनेसिम पळालेला दास. पूर्वीं तो निरुपयोगी होता हें पौल उघड लिहितो, लपवीत नाहीं. त्याचें जें काय देणें निघेल तें आपल्या नांवावर मांडावें, असें तो स्वतःच्या हातानें लिहून देतो. आणि शेवटीं एक साधी गोष्ट जोडतो : आपणासाठीं उतरण्याची जागा तयार ठेवावी (फिलेमोन २२). म्हणजे पौल येऊन पाहणार आहे. शिवाय अनेसिमास त्यानें एकट्यास रस्त्यास लाविलें नाहीं. तुखिक बरोबर होता (कलस्सै ४ : ७-९). असा जामीन आणि भिडेचा जामीन ह्यांत अंतर आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत आपल्या प्रभूसही चांगल्या कराराचा जामीन म्हटलें आहे (७ : २२), आणि आपणांस ओळखूनच तो जामीन झाला.

ही मुचलक्याची चालही अशाच एका जामिनापासून वाढली. १८४१ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरांत जॉन ऑगस्टस नांवाचा जोडे शिवणारा कारागीर न्यायालयांत बसला असतां एका दारुड्यास उभें केलेलें त्यानें पाहिलें. त्याच्याशीं थोडें बोलून तो त्यास जामीन राहिला. तीन आठवड्यांनीं त्यास परत आणिलें तेव्हां तो शुद्धीवर व नीटनेटका होता, आणि न्यायाधीशानें त्यास नांवापुरता एक सेंट दंड केला. १८५९ सालीं मरेपर्यंत ऑगस्टस सुमारें दोन हजार लोकांस जामीन राहिला. त्यानें येईल त्यास हात दिला असें नाहीं. पूर्वींचें वर्तन, वय, आणि पुढें तो कोणत्या लोकांत राहणार, हें तो आधीं विचारी. मग त्यास काम व जागा पाहून देई. इंग्लंडांतही १८७६ पासून तेथील चर्चच्या मद्यपाननिषेधक संस्थेनें पोलीस कोर्टांत आपले मिशनरी नेमले, आणि १९०७ च्या कायद्यानें त्या कामास सरकारी रूप आलें. म्हणून ओट्यावर बसलेल्या अधिकाऱ्यास पाहून बिचकूं नका. त्याचें काम मुळांत आपल्याच घरचें आहे. आणि आपल्या मुलखांतही १९३९ सालीं औंध संस्थानच्या राजेसाहेबांनीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविलें, जेथें शिक्षा झालेले कैदी भिंतीआड न राहतां आपल्या बायकामुलांसह राहून शेती करूं लागले. माणूस आपल्या माणसांत व कामांत असला म्हणजे पळण्याचें कारण उरत नाहीं, असा त्यामागें विचार.

जामीन कोणीं राहावें ह्याविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. मंडळीच्या पेटींतला पैसा ह्या कामीं गुंतवूं नये. तो विधवांचा आहे. उपदेशकानेंही एकट्यानें पुढें होऊं नये, कारण त्याची बदली झाली कीं जामीनदारच गांवाबाहेर जातो. ज्याचा शब्द त्या मुलास लागतो, ज्याचें घर गांवांत आहे, आणि मुचलका मोडल्यास रक्कम खरोखर भरावी लागेल हें ज्यास आधीं समजावून सांगितलें आहे, अशा एकानें राहावें. असा एकही मनुष्य मंडळींत निघाला नाहीं, तर अधिकाऱ्यास तसेंच खरें सांगावें. न्यायाधीशास तेंही कळलें पाहिजे. मात्र मग त्या रविवारीं आपण कोणत्या तोंडानें मेजाजवळ येतों, ह्याचा विचार वडिलांनीं आपसांत करावा.

मुदतींत मुलगा घसरणारच नाहीं असें समजूं नका. एखाद्या बाजाराच्या दिवशीं तो पिऊन येईल. त्या वेळीं वस्तींत दोन पक्ष पडतात : एक म्हणतो, झांकून टाका, दुसरा म्हणतो, आतांच ठाण्यास कळवा. जामीनदारानें स्वतः त्यास घेऊन अधिकाऱ्याकडे जावें व झालेलें सांगावें. अधिकाऱ्याचें काम केवळ पाळत ठेवणें नव्हे. सल्ला देणें, मदत करणें व जरूर तर काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणें हेंही चौदाव्या कलमानें त्यावर टाकिलें आहे. आपण होऊन आलेला व पकडून आणलेला ह्यांत न्यायाधीश फरक करितात. मुदत नीट पार पडली, तर बाराव्या कलमाप्रमाणें, दोषी ठरल्यामुळें एरवीं जी अपात्रता कायद्यानें येते ती त्याच्या मागें लागत नाहीं. हें त्या मुलास व त्याच्या आईस आरंभींच समजावून सांगा. पुढें कांहीं आहे असें दिसल्याशिवाय तीन वर्षें वाट चालणें जड जातें.

दसऱ्यापूर्वींच्या शेवटच्या रविवारीं बहुतेक उपदेशक आपल्या मंडळींतून कोणकोणतीं कुटुंबें तोडीस जाणार ह्याची यादी करितात, म्हणजे मागें राहिलेल्या मुलांची व म्हाताऱ्यांची विचारपूस होते. ह्या वर्षापासून त्या यादींत एक घर वाढवावें. मुचलक्यावर असलेला कोणी जाणार असेल, तर त्याच्या नांवापुढें कारखाना कोणता, मुकादम कोण, टोळी कोणत्या गांवच्या फडांत उतरणार, त्याच टोळींतला कोण विश्वासू बंधु संध्याकाळीं त्यास आपल्या कोपींत जेवावयास बोलावील, आणि जामीनदार कोणत्या महिन्यांत जाऊन त्यास पाहून येईल, हें लिहावें. त्याची एक नक्कल, जामीनदाराच्या सहीनिशीं, ट्रक हलण्यापूर्वीं परिविक्षा अधिकाऱ्याच्या कचेरींत नेऊन द्यावी, अटी बदलण्याचा अर्ज त्यांच्याकडून न्यायालयांत करवावा, आणि न्यायालयाचा हुकूम हातीं आल्यावांचून मुलानें गांव सोडूं नये. अर्जास दिवस लागतात. म्हणून उचल घेण्याची बोलणीं सुरू होतांच, पोळ्याच्या सुमारासच, ह्या कामास लागावें.